अर्ध्या मजुरीचे शहर

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ८३२. सरकारी पुस्तकात हे आकडे वेगवेगळ्या पानांवर छापलेले असतात, म्हणून ते दोन जिल्ह्यांचे वाटतात. खरे म्हणजे ते एकाच घराचे आहेत. बाई खेड-संगमेश्वराकडे शेत, गुरे, सासूसासरे आणि पोरे सांभाळते. बाप्या मुंबईत कुणाच्या तरी खोलीत वळकटी टाकतो. दीडशे वर्षे हे घर असे दोन ठिकाणी वाटलेले आहे. नवराबायकोला वेगळे ठेवण्यात नफा कोणाचा झाला, हा प्रश्न मात्र आपल्या सुशिक्षित समाजाला कधी पडला नाही. आपल्याला पडतो तो दुसराच प्रश्न: हे लोंढे थांबणार कधी?

‘लोंढे’ हा शब्द आपण किती सहज वापरतो पाहा. माणसे येतात, शहरावर भार पडतो, पाणी पुरत नाही, फूटपाथ उरत नाहीत, झोपड्या वाढतात आणि शहर बकाल होते, ही पोथी आपल्याला तोंडपाठ आहे. दिवाणखान्यातल्या गप्पांत, निवडणुकीच्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत ती रोज वाचली जाते. भार कोणी कोणाचा वाहिला, याचा हिशेब मांडायला मात्र कोणी बसत नाही. आज आपण तो मांडू. हिशेब जुना आहे आणि देणेकरी आपण आहोत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली आणि पुढल्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा भोंग्यावर जगू लागला. भोंग्याला ओ देणारे हात आले ते मुख्यतः रत्नागिरीतून आणि घाटावरून. ते हौसेने आले नाहीत. कोकणात खोताचा वाटा घातल्यावर शेतकऱ्याच्या कणगीत जे उरे, ते शिमग्यापर्यंतही पुरत नसे. रोख पैसा तर दिसतच नसे. तो पैसा मुंबईत होता. मग घरातला एक बाप्या बोटीत बसला आणि बाकीचे घर मागे राहिले.

गिरणीमालकाने त्याला मजुरी दिली ती एका माणसाच्या पोटाची आणि वर एका मनिऑर्डरीची. गावकीच्या खोलीत पंचवीस-तीस जण. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. सरकारने १९२०नंतर बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्या मजुरीत बाळंतपण बसत नव्हते, मुलांचे वाढणे बसत नव्हते, आजारपण आणि म्हातारपण तर नाहीच नाही. हा सगळा खर्च गावाने केला. कामगाराची बायको नाचणी-भात पिकवत होती, म्हणून गिरणीला तिच्या मुलांच्या भाकरीचा पैसा मोजावा लागला नाही. छातीत खोकला शिरलेला विणकर बोटीने गावी धाडला गेला आणि त्याचे औषधपाणी त्याच्या आईने केले. काम कमी झाले की ‘बदली’ कामगार दरवाजावरून परत फिरे आणि गावाकडची वाट धरी. कोकणातले गाव म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचे रुग्णालय होते, सूतिकागृह होते, बेकारभत्ता होता आणि निवृत्तिवेतनही होते. मालकाला यातल्या कशाचाही दिडकीचा खर्च नव्हता. वर मालक म्हणायला मोकळा, की हा मूळचा शेतकरी, याला मजुरीची काय फिकीर, याचे गाव आहे!

माणसाची मजुरी अर्धी द्यायची आणि उरलेली अर्धी त्याच्या बायकोने चिखलात उभे राहून भरायची, हा मुंबईच्या वैभवाचा पाया आहे. इमारती पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना आपण राजाबाई टॉवर दाखवतो. सावंतवाडीच्या, गुहागरच्या त्या बाईचे नाव कुठल्याच कोनशिलेवर नाही.

या कामगारांवरचा अन्याय बोलून दाखवला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले आणि मागितले काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले. आज जो नोकरदार मराठी माणूस रविवारी उशिरा उठून बटाटेवडे खातो, त्याला ही सुट्टी कोणी मिळवून दिली हे विचारून पाहा. दहातल्या नऊ जणांना लोखंडे कोण हे सांगता येणार नाही.

गावाने हा भार अखेरपर्यंत वाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि महिनोन्‌महिने टिकले ते गावाकडच्या तांदळावर. मालकही त्याच भरवशावर स्वस्थ बसले: गावी जातील, तिथेच राहतील. हजारो गेले आणि तिथेच राहिले. मग जमिनीला भाव आला. गिरण्यांच्या जागेपैकी एक तृतीयांश भाग घरांसाठी, एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेसाठी, असा १९९१चा नियम होता. २००१मध्ये तो फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता उरला, आणि रिकामी जमीन अशी कितीशी असणार? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. चिमण्या पाडून तिथे मॉल आणि काचेचे मनोरे उभे राहिले. कामगारांच्या घरांची सोडत निघायला २०१२ साल यावे लागले. तोवर अर्ज लाखाच्या पुढे गेले होते आणि घरे होती काही हजार. आता उरलेल्यांना सांगितले जाते, कर्जतच्या वाटेवर शेलू-वांगणीला घर घ्या. ज्या माणसाने परळमध्ये चाळीस वर्षे सूत ओढले, त्याच्या वारसाला परळ परवडत नाही. तो कधीच परळचा नव्हता, असे आपण ठरवून टाकले आहे. गावचाच होता ना!

गिरण्या गेल्या, पण हिशेबाची ती वही बंद झाली नाही. ती जव्हार-मोखाड्याला गेली.

पालघर, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या आदिवासी पाड्यांवर दिवाळी सरली की टेम्पो येतो. भात झोडून झालेले असते, कणगी महिना-दोन महिन्यांची असते, आणि आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपले तेव्हा भट्टीवाल्याकडून घेतलेली उचल डोक्यावर असते. कातकरी, वारली, ठाकर कुटुंबे भांडी, कोंबड्या आणि पोरे घेऊन टेम्पोत चढतात. पाड्यावर राहतात म्हातारीकोतारी. भिवंडी, कल्याण, वसईच्या परिसरातल्या वीटभट्ट्यांवर पुढचे सहा-सात महिने काढायचे. नवरा-बायको पहाटे काळोखात चिखल तुडवतात, साच्यात भरतात, विटा पाडतात. उन्हे चढली की पोरे त्या उलट्या करतात. मजुरी दर हजार विटांवर. फुटलेली वीट हजारात धरत नाहीत. अवकाळी पाऊस आला आणि कच्च्या विटांचा गारा झाला, तर तो दिवस फुकट. आठवड्याला खर्ची मिळते, तीही हिशेबात वजा. पावसाच्या तोंडावर शेठ वही उघडतो. बहुतेकदा त्या वहीत कुटुंबाच्या नावावर काहीतरी बाकी निघते आणि ती बाकी पुढल्या दिवाळीचा टेम्पो ठरवते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. त्याची पन्नाशी झाली तरी ही वही चालूच आहे.

भट्टीवर राहायला काय असते? त्याच कच्च्या विटा गाऱ्याशिवाय एकावर एक रचायच्या, वर पेंढा नाहीतर प्लास्टिक. आत माणूस उभा राहू शकत नाही. हंगाम संपला की तेही मोडून टाकायचे. शाळा नाही, अंगणवाडीची नोंद पाड्यावर, रेशनचे कार्ड पाड्यावर. बाळाला लस द्यायला आलेली नर्सबाई पाड्यावर येऊन कुलूप पाहून परत जाते. त्या विटा मात्र न चुकता डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला पोचतात. तुमचा-माझा दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांचाच. हप्ते आपण बँकेचे फेडतो. त्या पोराच्या बुडालेल्या इयत्तेचा हप्ता कोणाकडे जातो?

ही कुटुंबे ज्या डोंगरातून उतरतात, त्याच डोंगरातून मुंबईचे पाणीही उतरते. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा हे सगळे शहापूर-मोखाड्याच्या पट्ट्यात. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते. धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर सुरू होतात आणि बायका हंडे मांडून रस्त्याकडेला बसतात. जलवाहिनी बाजूने गुरगुरत जाते. शेवटी माणूस आपल्याच पाण्याच्या मागोमाग शहरात उतरतो. तिथे त्याची झोपडी ठरावीक तारखेनंतरची म्हणून तिला नळ मिळत नसे. २०१४मध्ये उच्च न्यायालयाला मुंबई महापालिकेला सांगावे लागले, की २०००नंतरच्या झोपडीतही माणूसच राहतो आणि माणसाला पाणी लागते. एवढी गोष्ट सांगायला न्यायाधीश लागावेत! ज्यांची घरे अधिकृत आहेत त्यांनी हे आपणहून म्हणायला काय हरकत होती? उलट ‘यांना पाणी दिले तर आणखी येतील’ असे म्हणणारे आमचेच बांधव होते, शिकलेले, देवळात जाणारे, उन्हाळ्यात गॅलरीत पाखरांसाठी वाटीत पाणी ठेवणारे.

शहराबाहेरच्या स्थलांतरातही वही तीच. बीडचे ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, एक दिवस गैरहजर राहिले तर खाडा. बाईची स्वतंत्र मजुरी वहीत नसतेच. पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, फडात न्हाणीघर नाही, दुखण्यावर इलाज नाही. मग गावोगावच्या दवाखान्यांनी जो इलाज काढला त्याची चौकशी २०१९मध्ये झाली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. विधिमंडळात चर्चा झाली, वर्तमानपत्रांत मथळे आले. त्या हंगामात साखरेला मागणी कमी झाली, असे काही ऐकिवात नाही.

आता गावाविषयी. या विषयावर लिहिताना गावाचे गोडवे गाण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे: ओस पडलेले पार, बंद पडलेल्या शाळा, तुळशीवृंदावनाशी वाट पाहणारी आई. मला हा गहिवर मान्य नाही. गाव सोडून आधी कोण गेले ते पाहा. ज्याच्या नावावर सातबारा नव्हता तो गेला. ज्याला विहिरीवर चढू दिले नाही तो गेला. १९७२च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापुराकडून पुण्यात आलेल्या आणि उकिरड्यावरचा कागद-काच-पत्रा वेचून जगलेल्या बायांमध्ये गढीवरची पाटलीण नव्हती. त्या होत्या महार आणि मातंग. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगीतांची जी झाडाझडती घेतली, ती आजही अनेकांना झोंबते. त्यांच्या दृष्टीने खेडे म्हणजे कोतेपणाचे आणि अज्ञानाचे घर होते. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षे राहिले. गाव ज्याला गावकुसाबाहेर ठेवते, त्याला निदान शहराच्या लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहता येते, हे त्यांना ठाऊक होते.

पण शहरानेही त्याला पुरते आत घेतले नाही. गिरणीच्या विणखात्यात पगार जास्त. तिथे धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्याला त्या खात्यात शिरू दिले नाही. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा वर्गलढ्याच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांचीही अडचण झाली. आज धोटा गेला. आज भाड्याने खोली मागायला गेलेल्याला दलाल आडनाव विचारतो, मग ‘नॉनव्हेज खाता का’ विचारतो, मग सांगतो की मालकाचा विचार बदलला. गावातून बाहेर काढणारे हात आणि शहरात आत न घेणारे हात एकाच समाजाचे आहेत. म्हणून गावकऱ्यांनी शहराला आणि शहरी माणसाने गावाला दोष देऊन सुटका करून घेऊ नये.

सगळ्यांत जास्त राग मला येतो तो कालच्या स्थलांतरिताचा, म्हणजे आपला. आजोबा भाऊच्या धक्क्यावर वळकटी घेऊन उतरले. वडिलांनी चाळीतल्या गॅलरीत झोपून मॅट्रिक केले. आपण ठाण्याला, डोंबिवलीला किंवा कोथरूडला फ्लॅट घेतला आणि पहिल्याच वार्षिक सभेत ठराव मांडला, की घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. वॉचमन बारा-बारा तास उभा, त्याला बसायला मोडकी खुर्ची आणि लघवीला मागची भिंत. बाईने सुट्टी घेतली तर पगार कापायचा, वर ‘हल्ली यांचे फार नखरे झालेत’ म्हणायचे. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८मध्ये स्वतंत्र कायदा केला, मंडळही नेमले. आपल्या घरात भांडी घासणाऱ्या बाईची तिथे नोंद आहे का, हे कितीजणांनी विचारले? या बाईच्या मुली गावी आजीजवळ वाढतात. तिच्या पगारात त्या मुलींचे वाढणे बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक असते. गिरणीमालकालाही ठाऊक होते. तो निदान उघडपणे नफा खात होता.

आणि या सगळ्यात आपल्याला शत्रू सापडतो तो कोण? १९६०च्या दशकात दाक्षिणात्य कारकून, २००८मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाला आणि परीक्षेला आलेला पोरगा. स्थानिकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी गिरण्यांच्या जमिनी विकल्या त्यांच्या दारावर दगड पडला नाही. दगड पडला तो पाणीपुरीच्या गाडीवर. बिहारचा गवंडी आणि मोखाड्याचा वीटकामगार एकाच इमारतीवर भेटतात. एकाचे घर सीतामढीत वाट पाहते, दुसऱ्याचे पाड्यावर. दोघांनाही अर्धीच मजुरी मिळते. त्यांना एकमेकांच्या अंगावर घातले की उरलेल्या अर्ध्या मजुरीबद्दल कोणी विचारत नाही, हे आपल्या पुढाऱ्यांना चांगले उमगले आहे. आपल्यालाही ते सोयीचे पडले आहे.

१९८१च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुल्यांनी मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना उचलून आपापल्या गावी पोचवण्याचा हुकूम काढला. ऐन जुलैत बाया-पोरांसकट माणसे गाड्यांत कोंबली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ साली न्यायालयाने मान्य केले, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते तत्त्व आज कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात. त्याच निकालात पावसाळा संपल्यावर फूटपाथ मोकळे करण्याची मुभाही होती, ती कोणी पाठ करत नाही. मग आल्या पात्रतेच्या तारखा: आधी १ जानेवारी १९९५, पुढे २०००, नंतर सशुल्क म्हणून २०११. तारखेच्या आधीचा तो पुनर्वसनाला पात्र, नंतरचा तो अतिक्रमण. शहराला इमारत बांधायला माणूस २०१५मध्येही लागला, २०२५मध्येही लागला. ठेकेदाराने त्याला घेताना तारीख विचारली नाही.

जाती, तारखा, कागदपत्रे यांच्या आड लपवलेले हे सगळे २०२०च्या मार्चमध्ये उघड्यावर आले. रात्री आठ वाजता घोषणा, बाराला देश बंद. चार तासांत ज्यांना शहराने ‘तुझे इथे काही नाही’ म्हणून सांगितले, ते चालू लागले. आपण दोन दिवस आधीच गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या होत्या. महामार्गावरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या रांगा दूरदर्शनवर पाहून आपण विचारले, ‘हे एवढे आले कुठून?’ आपलेच घर बांधणारी, आपलेच कपडे इस्त्री करणारी माणसे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा एकत्र दिसली. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात ते कामाला होते. मध्य प्रदेशात घरी जायला गाडी मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले आणि दमून तिथेच झोपले. रुळांवर सांडलेल्या भाकरींचे छायाचित्र सगळ्या देशाने पाहिले. पुढे सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची नोंद नाही. रागवावे ते कोणावर? ज्याला जिवंतपणी आपण कुठल्याच वहीत लिहिले नाही, त्याच्या मरणाची नोंद कोण ठेवणार होते?

कायदे नाहीत म्हणावे, तर तेही नाही. १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. तो लागू होई राज्याची सीमा ओलांडली तर. बीडचा मजूर बेळगावला गेला तर कायद्याच्या नजरेत स्थलांतरित, सांगलीला गेला तर कोणीच नाही. रोजगार हमीची कल्पना तर महाराष्ट्राचीच, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला ती आधी करून पाहिली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, पुढे तिचा कायदा झाला आणि देशाने २००५मध्ये तिचे अनुकरण केले. पाड्यावर वेळेत काम आणि वेळेत मजुरी मिळाली तर श्रावणात उचल घ्यावी लागत नाही आणि दिवाळीत टेम्पो रिकामा जातो. हे भट्टीवाल्याला पक्के ठाऊक आहे. मजुरी दोन-दोन महिने रखडवणाऱ्या कचेरीला ते ठाऊक नसेल असे समजू नका.

बांधकाम कामगारांसाठी १९९६च्या कायद्याने सुरू केलेली तरतूद तर थेट आपल्या घराशी जोडलेली आहे. इमारतीच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून कामगाराच्या मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात यांची सोय व्हायची असते. पैसा कोट्यवधींनी जमतो. तो मिळवायला कामगाराला दाखला हवा, की वर्षात किमान ९० दिवस त्याने बांधकामावर काम केले. नाक्यावर उभा राहणारा माणूस रोज नव्या मालकाकडे जातो. त्याला हा दाखला कोणी द्यायचा? ठेकेदार म्हणतो, आम्ही माणसे ठेवतच नाही, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी कुठे सही करू, मीही मजूरच. आणि घरमालक, म्हणजे आपण, चावी घेऊन सत्यनारायण घालतो.

म्हणून सरकारच्या नावाने बोटे मोडणे आता पुरे. पुढच्या खेपेस आपल्या सोसायटीच्या इमारतीला रंग द्यायचा ठराव आला की कंत्राटात चार ओळी घाला: मजुरांची नावे सोसायटीच्या वहीत लिहायची, मजुरी त्यांच्या हातात सोसायटीच्या देखत द्यायची, कामाच्या दिवसांचा दाखला सहीनिशी द्यायचा, तळमजल्याचे स्वच्छतागृह त्यांना उघडे ठेवायचे. घरकामाच्या बाईची नोंद मंडळात करायची आणि तिची पगारी सुट्टी लिहून ठेवायची. यात क्रांती नाही. यातले निम्मे कायद्यात आधीच आहे. सभेत कोणीतरी उठून म्हणेल, याने खर्च वाढेल. वाढेलच. तो खर्च आजही होतो आहे, गावाकडची म्हातारी नातवंडे सांभाळून तो भरते. तिच्या अंगावरून तो काढा आणि आपल्या मासिक देखभाल बिलात लावा.